पुन्हा तेच चित्र



ठाकुर्लीसारख्या गावी मुलांस आगगाडी काढावयास सांगितली, तर बऱ्याच पाट्यांवर धूर सोडणारे इंजिन उमटण्याचा संभव असतो. वास्तविक 1929 च्या सुमारास याच गावी रेल्वेचे वीजगृह उभे राहिले. ते पुढे बंद झाले. पण विजेवर चालणाऱ्या गाड्या आजही दिवसभर मुलांच्या डोळ्यांसमोरून जातात. मग हा धूर येतो कोठून? तो पुस्तकातील चित्रातून येतो. मुलाने गाडी पाहिलेली असते, न्याहाळलेली नसते.

यावर उपाय म्हणजे तीच गाडी दुसऱ्या दिवशी, आणि आठवड्याने पुन्हा, काढावयास सांगणे. अडचण एवढीच की शाळेत ‘पुन्हा’ हा शब्द शिक्षेचा झाला आहे. शब्द चुकला की तो दहा वेळा लिहावयाचा! तेव्हा चित्र पुन्हा काढावयास सांगताच पहिले बिघडले, असेच मूल समजते. हा समज शिक्षकानेच मोडला पाहिजे.

एका विषयाकडे वारंवार वळण्याने काय साधते, याचा दाखला डहाणू तालुक्यात आहे. हा तालुका 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी असे सांगतात की, लहानपणी आई गेल्यावर ते कित्येक वर्षे बोलत नसत; सांगावयाचे ते धुळीत रेघा ओढून सांगत. लग्नचौक लिहिणे हे वारल्यांत परंपरेने सुवासिनींचे काम. म्हसे मात्र लग्नकार्याची वाट न पाहता नित्य चित्रे काढू लागले. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे मोजके आकार. मासे धरण्याचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. तो त्यांनी पुनःपुन्हा हाती घेतला. त्यांच्या अशा चित्रात जाळे जवळजवळ सारी जागा व्यापते आणि ते टाकणारा माणूस इवलासा उरतो. जाळे म्हणजे काय, हे तेथे रेघच सांगते. 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली; 2018 साली ते निवर्तले. जपानच्या होकुसाईनेही सत्तरीच्या सुमारास फूजी पर्वताची छत्तीस चित्रांची माला आरंभिली, आणि ती पुरी झाल्यावर आणखी दहा चित्रे जोडली.

वर्गात एवढे सायास नकोत. एक वस्तू पुरे: गाडी, शाळेचा नळ, दारचे झाड. जुने चित्र खोडू नये, त्यावर तारीख घालावी आणि गुण देऊ नयेत. पाटीवरचे पुसले जाते, म्हणून जुन्या वह्यांचे कोरे कागद वापरावेत. नमुना फळ्यावर काढून देण्याचा मोह आवरावा. त्या नमुन्यातूनच धुराचे इंजिन जन्मास येते. प्रत्येक वर्गात एखादे अबोल मूल असते. त्याचे कागद विशेष जपावेत.

“गुरुजी, कालच तर काढली!” असे कोणी म्हणेलच. त्याला रागे न भरता विचारावे, “वरची तार गाडीला कोठे टेकते रे?” उत्तर बहुधा येणार नाही. मग मुलांस रुळांच्या कडेस न धाडता शिक्षकाने स्वतः बरोबर राहून पादचारी पुलावर न्यावे, आणि दोन-चार गाड्या जाईपर्यंत काही बोलू नये.