दहा बाय बाराच्या खोलीतला सूर



पुण्याजवळच्या आपल्या लोणी काळभोरमध्ये सोलापूर रस्त्याच्या कडेने ज्या नव्या इमारती झाल्या, त्यांतल्या कितीतरी घरांचा हॉल दहा बाय बाराचा, फार तर दहा बाय चौदाचा. विद्यापीठात शिकणारी मुलं, हडपसरला नोकरीला जाणारी जोडपी, गावातला वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलेली कुटुंबं तिथे राहतात. गाण्याची आवड सगळ्यांना आहे. पण सवाई गंधर्व महोत्सवाला हौसेने जाऊन बसणारा माणूसही घरी आल्यावर तेच गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण चांगलं ऐकण्याचा खर्च आणि त्याला लागणारी जागा, दोन्ही आता खूप कमी झाली आहेत.

स्ट्रीमिंग अॅम्प्लिफायर म्हणून जी छोटी पेटी मिळते, तिच्यात तीन गोष्टी एकत्र असतात. घरच्या वाय-फायवरून गाणं ओढून घेणारा भाग, त्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारा भाग आणि स्पीकर हलवणारा अॅम्प्लिफायर. पेटीतून दोन वायरी निघतात आणि दोन स्पीकरना जातात. एवढाच सगळा संसार. 2023 साली आलेला विम अॅम्प या प्रकारातला बराच गाजलेला. आठ ओहमच्या स्पीकरला तो प्रत्येकी 60 वॅट देतो. अमेरिकेत तो आला तेव्हा त्याची किंमत 299 डॉलर होती.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न वॅटचा निघतो. देवळातला, मांडवातला अॅम्प्लिफायर बघत आपण मोठे झालो, त्यामुळे जास्त वॅट म्हणजे चांगला माल हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आज हिशोबच करू. साधारण बुकशेल्फ स्पीकरच्या माहितीपत्रकात 87 डेसिबल असा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज, असा त्याचा अर्थ. तुम्ही दोन मीटरवर बसलात की सहा डेसिबल कमी होतात, पण स्पीकर दोन आहेत म्हणून तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला तुमच्या कानाशी सुमारे 84. घरात मन लावून ऐकायला 70 पुष्कळ झाले, आणि त्याला लागतो एका वॅटचा पंचविसावा भाग! तबल्याची थाप अचानक वीस डेसिबलने उसळली तरी चार वॅटमध्ये भागतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, हेही शेजाऱ्यांसाठी लक्षात असू द्या.

तरीही काही पेट्यांवर 300 वॅट छापलेलं असतं. त्या वेळी अॅडॉप्टर उलटा करून बघा. 24 व्होल्ट लिहिलं असेल तर 24 गुणिले 24, भागिले आठ ओहम, आणि त्याचं निम्मं. उत्तर 36. आठ ओहमच्या स्पीकरला त्याहून जास्त स्वच्छ शक्ती त्या पेटीतून निघणं शक्य नाही. आणि 36 वॅट आपल्या हॉलला भरपूर आहेत, तेव्हा मोठ्या आकड्याचे पैसे देऊ नका. त्याच अॅडॉप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं मात्र तपासा.

वाचलेले पैसे स्पीकरवर घाला. एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक भाग स्पीकरचा असावा, असं माझं ठाम मत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. तो वरचे स्वरांश ऐकवतो आणि खर्ज आपला मेंदू भरून काढतो. पाच इंची वूफर असलेला बरा स्पीकर हा खर्ज खरोखर वाजवतो, आणि डग्ग्याची घुमारदार मींडही. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जी जवारी लावतो, ती ऐकायची तर अॅम्प्लिफायर शांत हवा. म्हणून दुकानात फक्त तानपुरा लावायला सांगा. मग गाणं थांबवा, आवाजाची पातळी तशीच ठेवा आणि वरच्या छोट्या स्पीकरला कान लावा. तिथे सूं असा आवाज जाणवला, तर रात्री हळू आवाजात ऐकताना तोच तुम्हाला छळणार.

आता स्ट्रीमिंगबद्दल. ब्लूटूथवर फोन आला की गाणं थांबतं. वाय-फायवर पेटी स्वतःच गाणं आणते, फोन मोकळा राहतो. पण प्रत्येक अॅप प्रत्येक पेटीशी बोलतंच असं नाही. तुमच्या आईला आकाशवाणीचं पुणे केंद्र ऐकायचं असेल तर ते मोबाइलच्या अॅपवर मिळतं, पण ते या पेटीवर कसं वाजेल, हे विकत घेण्याआधी त्याच अॅपवर वाजवून बघा. अशा वेळी ब्लूटूथ कामाला येतं, म्हणून दोन्ही असू द्या. साधी ऑक्स इनपुटही हवीच. कारण सॉफ्टवेअरचा भरवसा नसतो. स्पीकरला वाय-फायवरून गाणं पुरवणारा क्रोमकास्ट ऑडिओ गूगलने 2015 मध्ये आणला आणि 2019 मध्ये बंद केला. मार्च 2025 मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि लोकांच्या घरातली ती उपकरणं काही दिवस मुकी झाली. अॅम्प्लिफायर ठणठणीत असूनही सॉफ्टवेअर म्हातारं होतं. ऑक्स असेल तर शे-पाचशेची वायर लावून ती पेटी पुढेही वापरता येते.

खोलीचंही ऐका. बऱ्याच नव्या इमारतींत भिंती सरळ काँक्रीटच्या असतात. हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टण्ण असा प्रतिध्वनी आला तर आधी जाड पडदा आणि सतरंजी आणा, एखादी गोधडी भिंतीवर टांगा. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या. खालच्या मजल्यावर धमधम जाते ती फरशीतून, तेव्हा स्पीकरखाली रबराचे तुकडे ठेवा.

शेवटी विजेचं. आपल्याकडे लाइट जाते-येते. दुकानदाराला पेटीचा प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. ती आपोआप वाय-फायला जोडली जाते का, आवाजाची पातळी आधीचीच राहते का, की एकदम मोठ्याने सुरू होते, हे डोळ्यांदेखत बघून घ्या. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण लाइट आल्यावर सगळ्यांत उशिरा जागा होतो तो राउटरच.