प्राचीन ईजिप्तच्या अलंकारांतील चिन्हांचे अर्थ

प्राचीन ईजिप्तमधील दागिना ही केवळ मिरविण्याची वस्तू नव्हती; तो वाचावयाचाही असे. तेथील लिपी चित्रमय असल्यामुळे सोनाराने घडविलेला भुंगा, डोळा किंवा टोपली ही एकाच वेळी नक्षी असे आणि शब्दही असे. १८२२ साली फ्रेंच पंडित शांपोल्यों याने या लिपीचा उलगडा केला आणि मगच हे दागिने बोलू लागले.

तूतनखामेन या राजाचे थडगे हॉवर्ड कार्टर याला १९२२ मध्ये सापडले. तेथील अनेक पदकांवर खाली एक टोपली, मध्ये भुंगा व तीन लहान रेघा, आणि वर सूर्यबिंब अशी रचना दिसते. पाहणारा तिला शोभेची मांडणी समजतो. वस्तुतः ते राजाचे राज्याभिषेकनाम आहे. टोपली म्हणजे ‘नेब’, भुंगा व रेघा मिळून ‘खेपेरू’, बिंब म्हणजे ‘रे’. वाचावयाचे ते ‘नेबखेपेरूरे’.

हा भुंगा म्हणजे शेणाची गोळी ढकलीत नेणारा सामान्य किडा होय. गोळी ढकलणारा किडा पाहून ईजिप्शियनांना क्षितिजावर सूर्य लोटणारा देव सुचला. ‘खेपेर’ या क्रियापदाचा अर्थ ‘होणे, अस्तित्वात येणे’. उगवत्या सूर्याला ‘खेप्री’ हे नाव त्यातूनच मिळाले. तूतनखामेनच्या एका पदकातील पिवळसर भुंगा कार्टरला साध्या गारेचा वाटला होता; १९९०च्या दशकातील तपासणीत ती सुमारे दोन कोटी ९० लाख वर्षांपूर्वी बनलेली लिबियन वाळवंटातील नैसर्गिक काच असल्याचे आढळले.

मृताच्या छातीवर ठेवावयाचा भुंगा मात्र निराळा. तो बहुधा हिरवट दगडाचा असे, आणि त्याच्या पोटावर ‘मृतांच्या ग्रंथा’तील एक मंत्र कोरलेला असे. परलोकी न्यायाच्या वेळी हृदय तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलले जाईल, ही श्रद्धा. मंत्रात मृत मनुष्य आपल्याच हृदयाला विनवितो, की तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. स्वतःच्या अंतःकरणाची ही धास्ती ज्या समाजाने दागिन्यात कोरली, त्याला केवळ हौशी म्हणता येणार नाही.

होरस देवाचा डोळा सेथाने इजा करून घेतला आणि थोथ देवाने तो पुन्हा पूर्ववत केला, अशी कथा आहे. त्या डोळ्याचे नाव ‘वेजात’, म्हणजे अभंग, निरोगी. आपल्याकडे ताईत बांधतात तो दृष्ट लागू नये म्हणून. तेथे डोळाच राखणदार आहे.

रंगांनाही अर्थ होता. सोने हे देवांचे मांस मानीत. हिरवा रंग टवटवीचा. निळा राजावर्त दगड थेट बदख्शानहून येई. ज्यांना तो परवडत नसे, ते भाजलेल्या निळ्या चकाकीच्या मण्यांवर भागवीत. अर्थ तोच राही, किंमत तेवढी उतरे.

सर्वांत मनोहर नमुना लाहून येथील. सितहाथोरयुनेत ही राजा दुसरा सेनुस्रेत याची कन्या. तिचे थडगे चोरांनी लुटले होते, परंतु चिखलाने बुजलेल्या कोनाड्यातील पेट्या त्यांच्या नजरेतून सुटल्या. फ्लिंडर्स पेट्री व गाय ब्रंटन यांना त्या १९१४ मध्ये मिळाल्या. तेथील एक पदक आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्यात रत्नांचे ३७२ तुकडे बसविलेले आहेत. दोन ससाणे, नागांना लटकलेली ‘आंख’ ही जीवनचिन्हे, आणि खाली गुडघा टेकलेला हेह देव. त्याच्या हातांतील ताडाच्या काड्या लक्षावधी वर्षे मोजतात. सगळ्यांचा मिळून अर्थ होतो तो राजाला चिरकाल जीवन व सत्ता लाभो असा. पदक गळ्यात घालणार होती राजकन्या. मात्र त्यावर तिचे स्वतःचे नाव नाही, आहे ते तिच्या पित्याचे.