कुकरीचं पाणी

आज कुकरीबद्दल बोलू. नेपाळमधल्या भोजपूरहून आणलेली माझी पहिली कुकरी मीच बिघडवली. पातं निळं-काळं दिसावं म्हणून गॅसवर धरलं. रंग झकास आला, पण धार टिकेना.

का? तिथले कामी, म्हणजे लोहार, बरेचदा ट्रकच्या पाट्याचं पोलाद घडवतात आणि लालबुंद पात्याच्या फक्त धारेवर किटलीनं पाणी सोडतात. धार कडक, पाठ चिवट. पोलाद निळं होतं साधारण 300 अंशांना, आणि तेवढ्या उष्णतेत धारेचं पाणी उतरतं.

आता मी आच लावतच नाही. पातं पॉलिश पेपरनं घासायचं, साबणानं तेलकटपणा काढायचा, मूठ बाहेर ठेवून अर्धा तास कोमट व्हिनेगरमध्ये बुडवायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. धारेलगत वेगळ्या छटेचा पट्टा दिसला ना, तेच लोहारानं दिलेलं पाणी!

वरून हवं तर थंड ब्लूइंगचं द्रावण लावा. ते विषारी असतं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच. त्या पात्यानं भाजी चिरायची नाही. शेवटी तेलाचा हात फिरवा, कारण नुसत्या निळ्या थरानं गंज थांबत नाही.

तुमची कुकरी गॅसपासून लांब ठेवा. भेटू पुढच्या भागात!