उमेद एकटीची नसते

हातातलं काम चालू असू द्या. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. रोजचं काम आणि घर ओढताना मन खचू नये म्हणून काय करावं, असा प्रश्न बऱ्याच गटांतून आमच्याकडे आला. आज त्यावरच बोलू या.

मोबाईलवर रोज सकाळी फुलाच्या चित्रासोबत निरोप येतो, 'हसत राहा, सकारात्मक राहा.' निरोप चांगलाच आहे. पण चाकण एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईची सकाळ बघा. चारला उठायचं, पाणी भरायचं, डबे करायचे, साडेपाचला फाट्यावर बस धरायची. मग दिवसभर लाईनवर उभं राहायचं. घरी आलं की दुसरी पाळी सुरू, आणि तिचा पगार कोणी देत नाही. अशा बाईचं नुसत्या 'हसत राहा'नं भागत नाही.

आमचं म्हणणं असं आहे, की उमेद एकटीनं मनात साठवून ठेवायची गोष्ट नाही. ती चारचौघींनी मिळून राखावी लागते.

आपल्या भागाला हे नवीन नाही. देहू आणि आळंदी आपल्या शेजारीच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करून पुढं जाते. साठी ओलांडलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत साधारण २५० किलोमीटर चालतात. त्यांचे पाय दुखत नाहीत का? दुखतात की. पण पुढं माणसं, मागं माणसं, कोणी पाणी देतं, कोणी पाय चेपून देतं. उद्याचा मुक्काम कुठं, हेही ठरलेलं असतं. म्हणून पाऊल पडतं.

आपला बचत गट ही तशीच दिंडी आहे. खेड तालुक्यात हे काम जुनं. राजगुरुनगरला सुधाताई कोठारी यांनी गट बांधायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये चैतन्य संस्था उभी राहिली. पुढं २०११ मध्ये राज्य सरकारनं ग्रामीण जीवनोन्नतीचं अभियान सुरू केलं, त्याचं नावच 'उमेद'. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही. 'मन लागलं तर या' असं त्यात कुठं लिहिलंय का? मन लागो न लागो, बैठकीचा वार ठरलेला. ज्या आठवड्यात मन अजिबात लागत नाही, त्याच आठवड्यात त्या ठरलेल्या वाराचा आधार होतो.

आमच्या गटातलंच सांगतो. दोघींना कंत्राटदारानं एकाच आठवड्यात 'ब्रेक' दिला. कंत्राटी कामात काही महिने भरले की ब्रेक, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दोघी सलग दोन बैठकांना आल्या नाहीत. हप्ता भरता येत नाही, मग तोंड कसं दाखवायचं, एवढंच कारण. आमच्यातल्या तिघी त्यांच्या घरी गेल्या. भाषण काही केलं नाही. चहा घेतला आणि सांगितलं, 'हप्त्याला दोन महिने मुदत. व्याज तेवढं द्या. ठराव वहीत लिहितो. पण बैठकीला यायचं.' पुढच्या बैठकीला दोघी आल्या. एकीला दुसऱ्या सदस्येच्या ओळखीनं कॅन्टीनमध्ये काम मिळालं. दुसरीला अजून पक्कं काम नाही, पण आता गटाची वही तीच लिहिते. हिशेब एका रुपयानंही चुकत नाही.

आता अंगाच्या थकव्याबद्दल. 'कशातच मन लागत नाही, जिना चढला तरी धाप लागते' असं कोणी म्हणाली, तर तिला आळशी म्हणू नका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा. जेवणासोबत चहा नको, लिंबू पिळून घ्या. सगळ्यांच्या शेवटी उरलेलं खायची सवयही सोडू या.

झोप उडालीय, भूक गेलीय, रडू आवरत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तेही दुखणंच समजा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

आणखी एक. सकारात्मक राहायचं म्हणजे अन्याय गिळायचा, असं नाही. चाकणमध्ये बजाजची आणि पिंपरीत टाटा मोटर्सची गाडी जोडायची सगळी लाईन बायकांनी चालवून दाखवली आहे. काम आपल्याला येतं. मग कामाचा हिशेब मागायला लाजायचं कशाला? पगाराची पावती मागा. पीएफ भरला जातो का, बघा. कारखान्यात जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं मिळायला हवेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तिथं लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. ही माहिती एकटीजवळ असली तर भीती वाटते. दहाजणींजवळ असली की विचारायचं बळ येतं.

तर या आठवड्यात तीन कामं करा. पहिलं, बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं ठेवा आणि प्रत्येकीला विचारा, 'कशी आहेस?' उत्तर पूर्ण ऐका, लगेच सल्ला देऊ नका. दुसरं, सलग दोनदा न आलेल्या सदस्येच्या घरी दोघी जा. हप्ता मागायला नाही, भेटायला. तिसरं, कारखान्यात जाणाऱ्या सदस्यांना जमेल अशी बैठकीची वेळ ठरवा. पाळी बदलते तशी वेळही बदलू द्या. साप्ताहिक सुट्टीच्या संध्याकाळी बसलात, तर त्याही येतील.

पगार, ब्रेक, बसची वेळ, हे सगळं आपल्या हातात नाही. पण शेजारणीच्या दारात जाऊन 'ये गं बैठकीला' म्हणणं आपल्या हातात आहे. तेवढं आजच करू या.