आवाजावरून गर्दीचा माग
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



सागरेश्वराच्या डोंगरावरून रात्री खाली पाहिले तर वस्त्यांचे दिवे सगळीकडे सारखेच दिसतात. जत्रा कोठे भरली आहे ते कळते कर्ण्याच्या आवाजावरून. कर्णा वाजतो तिथे माणसे जमलेली असणारच. आकाशातली दूरची गर्दी शोधण्याचीही हीच रीत आहे.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारावर दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या असतात. जणू मोठ्या खटल्याचे घरच. दूरची अशी घरे इतकी अंधूक असतात, की एवढ्या आकाशात पाहावे कोठे हाच प्रश्न पडतो. मात्र त्यांतल्या एखाद्या थोरल्या दीर्घिकेच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्या आसपासून झोत उसळतात आणि त्यांतून रेडिओलहरी निघतात. हाच तो कर्णा.

तो लांबचा की जवळचा, हे कसे ओळखावे? मिरवणूक दूर असली की ढोल ऐकू येतो, झांज विरते. इथे कारण निराळे आहे, पण खूण तशीच: जो स्रोत खालच्या पट्टीत ठळक आणि वरच्या पट्टीत एकदम क्षीण, तो बहुधा फार दूरचा. दुसरी खूण चुलीच्या धुराची. धूर वाकला म्हणजे वारा आहे. तसे हे झोत वाकलेले दिसले, तर भोवती समूहातला तप्त वायू असण्याचा संभव मोठा.

हे ऐकणारा एक मोठा कान आपल्याच महाराष्ट्रात आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांत पसरल्या आहेत. २०१० ते २०१२ या काळात तिने आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग पाहिला. त्यातून सहा लाखांवर स्रोतांची यादी झाली. त्या यादीतल्या एका दीर्घिकेच्या लहरी सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका म्हणून २०१८ साली तिची घोषणा झाली.

अशा स्रोताभोवती गर्दी खरोखर सापडते का? सापडते. ‘कोळ्याचे जाळे’ म्हणून ओळखली जाणारी दीर्घिका प्रथम रेडिओस्रोत म्हणून माहीत झाली. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने पाहिले, तो तिच्याभोवती नुकताच जुळू लागलेला समूह! तिचा प्रकाश १००० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. म्हणजे ते खटले आपल्याला बाळपणीच दिसते आहे.

पण भगिनींनो, इतके दूरचे ऐकायचे तर जवळचा गलका कमी हवा. मोबाईल, विजेच्या तारांतील ठिणग्या, यंत्रे, सर्वांचा गोंगाट त्या कानावर पडतो. नियोजित पुणे–नाशिक लोहमार्ग जवळून नेण्यास शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, ती याचसाठी. त्या भागातील लोकांनाही गाडी हवी आहे, आणि तेही चुकीचे नाही. दोन्ही गरजा सांभाळून वाट काढणे हे शहाणपणाचे काम.

फेब्रुवारीत विज्ञानदिनाला खोडदची दुर्बीण लोकांना पाहता येते. पुढच्या सहलीचा विचार करताना लेकीसुनांना घेऊन तिथे जाण्याचे मंडळाने जरूर मनावर घ्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.