पट्टा नसलेली गाडी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातले डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले, बँकेतले साहेब बोलले. मी मोटार रिवाइंडिंगवाला, तेव्हा मोटारीवरच बोलतो. व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेली चाकांची फळी तुम्ही सगळ्यांनी उचलून पाहिलीत आणि "हे काय रे?" म्हणून विचारलंत. तो विजेवर चालणारा स्केटबोर्ड. माझ्या मुलीने आणि मी दुकानात बनवला. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आहे.

अशा अनेक फळ्या पट्ट्यावर चालतात. मोटार बाजूला, तिच्यावर छोटी पुली, चाकावर मोठी पुली, मध्ये दातेरी पट्टा. सोलापूरच्या माणसाला पट्टा समजावून सांगायला नको. 1877 सालच्या आपल्या जुन्या गिरणीच्या काळात वाफेचं एक इंजिन लांबच लांब शाफ्ट फिरवायचं आणि त्यावरून एकेका मागावर चामडी पट्टे उतरायचे. पट्टा घसरला की माग बंद. पुढे प्रत्येक मागाला स्वतःची मोटार आली, पण मोटार आणि मागाच्या मध्ये पट्टा राहिलाच. आमच्या घरी चार माग होते. वडिलांचा निम्मा दिवस पट्टा ताणण्यात आणि जोडण्यात जायचा.

आमच्या फळीत पट्टाच नाही. मोटारीचं बाहेरचं कवचच चाकाला जोडलंय. कवच फिरलं की चाक फिरतं. हे काही आमचं डोकं नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी चाकातच मोटारी बसवलेली गाडी 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवली होती. इतकं लांब कशाला, मान वर करा. या हॉलमधला पंखा तसाच आहे. मधला दांडा आणि त्याच्याभोवतीचं वाइंडिंग स्थिर, बाहेरची वाटी फिरते आणि तिलाच पाती. पाती काढा, चाक लावा, आमची मोटार झाली. फरक इतकाच की तिच्या वाटीत आतून चुंबक चिकटवलेले असतात.

आता अडचण सांगतो. पट्ट्याच्या गाडीत मोटार जोरात फिरते आणि पुल्या तो वेग कमी करून ताकद वाढवतात. पुल्याच नसल्या तर मोटार मुळातच संथ हवी. बाजारात आम्हाला मिळाली ती एका व्होल्टमागे मिनिटाला 100 फेरे घेणारी. आमची बॅटरी 36 व्होल्टची, म्हणजे 3600 फेरे. चाक 100 मिलिमीटरचं. हिशेब केला तर ताशी सुमारे 68 किलोमीटर निघतात. फळीवर उभं राहून एवढा वेग म्हणजे हाडं मोडायचंच काम.

मुलगी दुसरी मोटार मागवू म्हणत होती. मी म्हटलं, थांब, हिचं कनेक्शन बघू. उघडली तर वाइंडिंग डेल्टात जोडलेलं. तीस वर्षं पंपाच्या आणि मागाच्या मोटारींना स्टार-डेल्टा करण्यात हात काळे केलेत. टोकं सोडवली आणि स्टारमध्ये जोडली. वेग 1.73 पटीने उतरला. 100 चे झाले सुमारे 58. बिनबोज्याचा वेग ताशी 39 किलोमीटर, माणूस उभा राहिला की आणखी कमी. कंट्रोलरमध्ये आम्ही 20 ची मर्यादा घातली. एक पैसाही लागला नाही. मुलीने वहीत सूत्र मांडलं, वर्गमुळात तीन वगैरे, आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?" सूत्र मला माहीत नव्हतं. पण कुठली मोटार कशी वागते ते हाताला माहीत होतं.

चाक आणि मोटार जोडणारा ॲल्युमिनियमचा तुकडा अशोक चौकाकडच्या एका टर्नरकडे केला. पूर्वी त्यांच्याकडे मागाच्या सुट्या भागांसाठी रांग लागायची, आता लेथ निम्मा दिवस झाकलेला असतो. उभ्या माणसाचा सगळा भार मोटारीच्या बेअरिंगवर येणार, म्हणून बेअरिंगची बैठक जराही सैल चालणार नव्हती. दोन तुकडे त्यांनी स्वतःच बाद केले. तिसरा बसवला, चाक हाताने फिरवलं, कान लावला आणि मान हलवली. पैसे घ्यायला मात्र तयार होईनात.

चालवायला आम्ही रस्त्यावर जात नाही. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, मालकाला विचारून, हेल्मेट आणि गुडघ्याला पॅड बांधून जातो. तिथे दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे उभ्या जागेवरून सुरू करताना मोटार फार करंट ओढते आणि तापते. आपला मे महिना 42-43 अंशांचा, आणि साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे जोर गमावू लागतात. म्हणून आधी पायाने ढकलायचं, मग वीज द्यायची. दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक लावला की मोटार जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला घ्यायला जागा नसते. संरक्षक सर्किटने तोंड बंद केलं तर ऐन उतारावर ब्रेक जातो. म्हणून आम्ही बॅटरी 42 व्होल्टपर्यंत न भरता 41 लाच थांबवतो.

आता मनातलं बोलतो. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना ऊर्जेचं स्टार लेबल सक्तीचं झालं. साधा पंखा 75 वॅट खातो, नव्या चुंबकवाल्याला 30-35 वॅट पुरतात. देशासाठी चांगलंच आहे. पण हे पंखे बिघडतात तेव्हा बहुधा त्यांचा सर्किट बोर्ड गेलेला असतो, वाइंडिंग नाही. माझ्याकडे उन्हाळ्यात पंख्यांचा ढीग लागायचा, तो आता लागत नाही. मागांचं जे झालं तेच आमच्या धंद्याचं होणार का, ही धास्ती मला रात्री झोपू देत नाही. या फळीने धास्ती संपली असं म्हणणार नाही. पण नव्या मोटारीतही तांब्याची तारच आहे आणि स्टार-डेल्टा तोच आहे, एवढं कळलं. कंट्रोलरचं सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंग मी आता पोरीकडून शिकतोय. पन्नाशीत पुन्हा वही केली आहे.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी दहावीत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवला, तेव्हा आपण सगळे बोटं वाकडी करून हसत होतो. सर, त्या तीन बोटांवर माझं घर चाललं.

वालचंद हिराचंद याच सोलापुरात 1882 साली जन्मले आणि त्यांनी देशात मोटारगाड्यांचा कारखाना उभा केला. आपल्याला एवढं मोठं काही जमणार नाही. पण आपली बहुतेक मुलं पुण्याला जातात, कारण इथे काय करता येतं हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून एक मागणं. एमआयडीसीत ज्यांची शेड आहे, ज्यांच्याकडे लेथ आहे, वेल्डिंग आहे, त्यांनी महिन्यातला एक रविवार आपल्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी उघडा ठेवावा. मुलांना बघू द्या, हात लावू द्या. माझं दुकान पहिल्या रविवारी सकाळी नऊला उघडं असेल. मुख्याध्यापकांशी बोललोय. पहिली दहा मुलं येणार आहेत, त्यांत मुलीही हव्यात असं माझ्या मुलीचं सांगणं आहे.

जेवणानंतर ज्यांना फळीवर उभं राहायचंय त्यांनी मैदानात या. हेल्मेट दोन आणलीत. गुडघे दुखणाऱ्यांनी नुसतं बघितलं तरी चालेल.