डझनाचा हिशेब

'डझन' हा शब्द इंग्रजीतून आला, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. इंग्रजीत तो फ्रेंचमधून गेला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'बारा'त आहे. हिंदी-उर्दूत तो 'दर्जन' झाला. आमच्या रत्नागिरीत एप्रिल-मे महिन्यांत तो जितक्या वेळा कानावर येतो, तितका विलायतेतही येत नसेल.

मराठीत 'बारा' होतेच की! पण बारा बिचारे बदनाम. कुणाचे बारा वाजतात, कुणी बाराच्या भावात जातो. डझनावर असला डाग नाही. शिवाय तो सोयीप्रमाणे वाकतो. 'एक डझन केळी' म्हटलं की बाराच हवीत, अकरा निघाली तर भांडण. 'डझनभर पाहुणे आले' म्हटलं की दहा असोत नाहीतर चौदा, कोण मोजतो? आणि भाजीवालीने वर एक घातलं, तर त्या तेराव्याला आपल्याकडे 'वर्ताळा' हा खास शब्द आहे. इंग्रजीत त्यालाच पाववाल्याचा डझन म्हणतात.

हा शब्द इथे रुजला त्याला जुन्या नाण्यांचीही मदत झाली असावी. बारा पैचा एक आणा. केळी चार आणे डझन, तर एक केळं चार पैला. अक्षरशत्रू माणसाचाही हिशेब चुकत नसे. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजली की बाराच भरतात. तसबीह जवळ नसली तर नमाजानंतर आम्ही पेरांवरच मोजतो. 1957 साली नवे पैसे आले, पुढे आणे-पै गेले, डझन मात्र राहिला. आता आंबा पाचशे रुपये डझन असेल, तर एकाचे एकेचाळीस रुपये सहासष्ट पैसे! आजारी नातवासाठी एकच आंबा मागणाऱ्या आजीला विक्रेता काय भाव सांगणार? 'अर्धा डझन तरी घ्या,' म्हणतो, आणि ती पुढे जाते. हे मला खटकतं.

पेटीचा डझन आणखी वेगळा. नवखा पाहुणा सात डझनांची पेटी पाहून खूश होतो. पण पेटी तेवढीच असते. डझन वाढले की फळ लहान. मोठं फळ चार डझनांतच पेटी भरतं आणि भाव खातं.

तरीही डझनात मोजला जाणं हा आंब्याचा मान आहे, असं मला वाटतं. मोजायचं म्हणजे प्रत्येक फळ हातात घ्यावं लागतं. डाग, देठ, रंग बघावा लागतो. मे महिना सरत आला, पाऊस जवळ आला, की तोच हापूस कॅनिंगला जातो, आणि तिथे भाव किलोचा. क्रेट काट्यावर चढतात, फळाकडे कुणी बघत नाही. वर्षभर फवारणी, राखण करून बागायतदाराच्या हाती शेवटी वजनाची चिठ्ठी येते.

आमचे एक शेजारी त्या क्रेटमधूनही दोन-तीन डझन निवडून काढतात आणि घरी गवतात अढी घालतात. मोजून.